पेन्शन बंद करायला आलेल्या काकू

पेन्शन सुरू करा म्हणून माझ्या खिडकीवर लोक रडले आहेत, भांडले आहेत, एका निवृत्त पोस्टमास्तरांनी तर खिडकीच्या जाळीवर छत्रीची मूठ आपटून आपटून मोडून घेतली. थकबाकी द्या म्हणून येतात, वाढ द्या म्हणून येतात, बायकोचं नाव चुकलंय म्हणून येतात. पण 'माझी पेन्शन बंद करा' असं सांगायला माझ्या अख्ख्या नोकरीत एकच माणूस आलं. काजवाल्या काकू. आता मीच निवृत्तीला टेकलोय, तर त्यांच्याबद्दल लिहून ठेवावं म्हणतो. आमच्या कचेरीच्या कागदांवर विसंबून राहिलात तर ही बाई बरीच वर्षं मेलेली होती असं तुम्हाला वाटेल. तसं का, ते सांगतो.

काकू शर्टांना काजं करायच्या. शिंपी शर्ट शिवून पाठवायचा, यांनी बटणाची भोकं कापायची आणि त्यांच्या कडा दोऱ्याने गुंफून पक्क्या करायच्या. दिसायला काहीच नाही असं काम. एकदा माझ्या बाहीकडे जाळीतून बघून म्हणाल्या, "मशीनचं काज ना ते? वर्षात दात विचकतं बघ." आणि खरंच विचकले. तेव्हापासून माझे शर्ट त्यांच्याकडे.

त्यांचे पहिले यजमान बांधकाम खात्यात रोडरोलर चालवायचे. कायम नोकरी, पेन्शनची. पण रोलर म्हणजे तुम्हाला ठाऊकच आहे. सकाळी कामावर निघाले की शाळेची पोरं पुढे जायची, सायकली पुढे जायच्या, काठी टेकत चाललेल्या आज्याही पुढे निघून जायच्या, आणि सगळ्यांच्या मागून धडधडत हे. संध्याकाळी तीच तऱ्हा. काकू दारात उभ्या. "आमचे हे हळू यायचे," त्या सांगायच्या, "पण यायचे. वाट बघायला लावली, पण माझी वाट कधी लावली नाही." ते छातीच्या दुखण्याने नोकरीत असतानाच गेले. मूलबाळ नव्हतं. मग काकूंना कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झालं. नाव बघा किती भारदस्त. आणि ते सुरू होतं तेव्हा नेमकं कुटुंबच उरलेलं नसतं.

आता आमची एक पद्धत सांगायला हवी. दरवर्षी ठराविक महिन्यात प्रत्येक पेन्शनरने कचेरीत येऊन आपण जिवंत आहोत हे दाखवायचं. त्याला हयातीचा दाखला म्हणतात. विधवांना त्यात एक ओळ जादा. 'मी पुनर्विवाह केलेला नाही.' त्याखाली सही. कारण दुसरं लग्न केलं की पेन्शन बंद, असा नियम. बायको मेल्यावर पुरुषाने दुसरं लग्न केलं तर त्याची पेन्शन काही बंद होत नाही, कारण ती त्याची स्वतःची. बाईची मात्र नवऱ्याकडून आलेली, म्हणजे नवा नवरा आला की जुन्याची पेन्शन परत. नियम करणाऱ्यांनी तो कुठल्या खुर्चीवर बसून केला कोण जाणे. त्याखाली शिक्के मारण्यात माझं आयुष्य गेलं.

ही ओळ वाचून दाखवताना मला लाज वाटायची. समोर पांढऱ्या केसांची बाई, आणि मी आपला विचारतोय, लग्न केलं का? काही बायका खाली बघायच्या. एकदोघी रडल्या. काकूंनी पहिल्याच वर्षी हा प्रकार निकालात काढला.

"काकू, हयात का?" मी विचारलं.

"तुला काय वाटतं?"

"लग्न केलं का?"

"कुणी विचारलंच नाही रे, खिडकीवाल्या! बघ एखादा."

सगळी रांग खदाखदा हसली. मागच्या बाईने डोळ्याला लावलेला रुमाल खाली घेतला. मग दरवर्षी हेच. मी विचारायचं, त्यांनी उत्तर द्यायचं, रांगेने हसायचं. त्या ओळीतला अपमान या बाईने बसल्या जागी काढून टाकला. शिवलेलं चुकलं की टाके काढतात, तितक्या सहज. काकूंच्या मागे उभं राहायला मिळावं म्हणून बायका आपला नंबर पुढेमागे करायच्या, हे मी पाहिलेलं आहे.

आमच्या कचेरीच्या व्हरांड्यात, पाण्याच्या पिंपाजवळ, एक माणूस खाली बसून खुर्च्या विणायचा. त्याला सगळे वेतकाका म्हणत. आमच्या खुर्च्या जुन्या, जाड लाकडाच्या, बसायची जागा वेताची. पेन्शनर मंडळी एकदा बसली की लवकर उठत नाहीत, त्यामुळे वेत सारखा फाटायचा. वेतकाका वेताच्या पट्ट्या पाण्यात भिजत घालायचे, मऊ झाल्या की ताणून विणायचे. मी नोकरीला लागलो त्याच्या आधीपासून ते तिथे होते. दर खुर्चीमागे ठरलेली मजुरी. हजेरी नाही, रजा नाही, आजारी पडले तर मजुरीही नाही. आमच्याकडे येणारा प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या नोकरीतून निवृत्त झालेला असायचा. त्या सगळ्यांना बसायला जागा करून देणारा माणूस मात्र कुठल्याच नोकरीत नव्हता. ही गोष्ट माझ्या डोक्यात यायलाही किती वर्षं लागावीत! तीही काकूंमुळे आली.

झालं असं, की एका वर्षी रांगेत बसल्या असताना काकूंची शाल खुर्चीच्या वेतात अडकली आणि दोरा निघाला. काकू तरातरा व्हरांड्यात गेल्या.

"ही तुम्ही विणलीत?"

"हो."

"टोक आत खोचायला काय झालं होतं?"

"आत खोचलं तर दिसत नाही, पण लवकर सुटतं. बाहेर ठेवलं तर टिकतं," वेतकाका मान वर न करता म्हणाले. "शालीचं वाईट वाटतं. शाल चांगली आहे."

"शाल गेली खड्ड्यात. आत खोचून टिकलं तर मग काय कराल?"

काकूंनी पिशवीतून सुई काढली आणि काजाच्या शेवटाला घालतात तो टाका त्यांना दाखवला. वेतकाकांनी दोनदा बघितला, तिसऱ्यांदा स्वतः वेतावर करून पाहिला. जमला. मग त्यांनी मान वर केली, आणि माझ्या मते, संपलंच. काकूंचा नंबर कधीच पुकारून झाला होता. मी तीनदा ओरडलो, शेवटी मागच्या बाईचं काम केलं.

त्यानंतर काकू हयातीच्या महिन्याशिवायही येऊ लागल्या. शिंप्याचं दुकान इकडेच आहे म्हणायच्या. शिंप्याचं दुकान गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं. काजांचे शर्ट घेऊन पिंपाजवळ बसायच्या, दोघं आपापलं काम करायचे. कचेरीत अर्थातच कुजबुज झाली. आमच्याकडे फाईल हलायला वेळ लागतो, बातमी हलायला लागत नाही.

लग्नाचं काकूंनीच विचारलं. वेतकाका नको म्हणाले. मला एकदा बाजूला घेऊन म्हणाले, "माझ्याकडे हे दोन हात, तेही वेताच्या खुर्च्या आहेत तोवर. तिची पेन्शन पक्की आहे. ती घालवून तिला मी काय देणार? तुम्ही समजवा." मी समजवायला गेलो.

"काकू, नियम लग्नाचं विचारतो," मी आवाज खाली आणून म्हटलं. "कोण कुणाकडे जेवतं, राहतं, ते विचारत नाही. कागदावर लग्न करू नका, एवढंच. कित्येक जण तसंच करतात. कोण बघतंय?"

काकूंनी दात लावून दोरा तोडला. "दरवर्षी त्या ओळीखाली सही करताना मी तुझ्याकडे बघून हसते की नाही?"

"हसता."

"खोटी सही करून मला हसता यायचं नाही. आणि या माणसाला मी लपवून का ठेवू? चोरीचा माल आहे का तो?"

तरी वर्षभर वेतकाका हो म्हणाले नाहीत. मग त्यांना ताप आला, तो उतरेना, दवाखान्यात ठेवावं लागलं. काकू डबा घेऊन गेल्या. वॉर्डाच्या दारात नर्सने विचारलं, पेशंटच्या कोण तुम्ही? काकूंना पटकन काही सांगता येईना. ओळखीची, म्हणाल्या. नर्स म्हणाली, भेटायची वेळ संपली, आता फक्त घरचे. काकू डबा तसाच घेऊन परत आल्या. दुसऱ्या दिवशी माझ्या खिडकीशी येऊन म्हणाल्या, "तो आत तापाने फणफणलाय, आणि मी ओळखीची!" हसणारी बाई ती. त्या दिवशी रांगेकडे वळूनही बघितलं नाही. वेतकाका बरे होऊन आले तेव्हा त्यांना विचारायचं काकूंनी सोडूनच दिलं होतं. तारीखच सांगितली.

लग्न नोंदणी कचेरीत झालं. साक्षीदार मी आणि शिंपी. बाहेर आल्यावर मला वाटलं आता कुठेतरी बसून चहा होईल. काकू म्हणाल्या, "चला तुमच्या कचेरीत. आधी ते काम." लग्नाच्या दाखल्याची शाई वाळली नव्हती आणि त्या माझ्या खिडकीसमोर उभ्या. मला धावत आत जाऊन आपल्या खुर्चीत बसावं लागलं.

"पेन्शन बंद करायची आहे," त्या म्हणाल्या.

मी कपाट उघडलं. सुरू करायचा अर्ज होता, बँक बदलायचा होता, पत्ता बदलायचा होता. बंद करायचा अर्ज नव्हता. कशाला असेल? आपणहून कोण येतो? पेन्शन बंद होते ती माणूस मेल्यावर, किंवा कुणीतरी निनावी चुगली केल्यावर. मी आमच्या साहेबांकडे गेलो. साहेब सज्जन, पण निवृत्तीला थोडेच दिवस राहिलेले, आणि त्या दिवसांत माणूस घाबरट होतो. आपली स्वतःची पेन्शन अडकू नये म्हणून कुठल्याही नव्या कागदावर सही नको असते. त्यांनी संगणकावर बघितलं. पेन्शन थांबवायची कारणं तिथे यादीतून निवडावी लागायची. 'मृत्यू' होतं. 'अपत्य सज्ञान' होतं. 'पुनर्विवाह' नव्हतं. दरवर्षी हजारो बायकांना आम्ही जो प्रश्न विचारत होतो, त्याचं 'हो' हे उत्तर यंत्रात घालायचंच कुणाला सुचलं नव्हतं! 'इतर' होतं, पण ते निवडलं की यंत्र वरच्या कचेरीची मंजुरी मागायचं.

"मृत्यू निवडा," साहेब म्हणाले.

"साहेब, बाई बाहेर खुर्चीवर बसलीय."

"पेन्शन बंद झाल्याशी कारण. फाईलमध्ये खरं काय ते लिहून ठेवू."

"अहो, पण जिवंत बाई..."

"तिला काय त्रास होणार आहे? तिलाच बंद हवीय ना?" साहेबांनी स्वतःच्या हाताने कळ दाबली.

पंधरवड्यात काकूंच्या घरी पत्र आलं. मृत्यूची नोंद झाली की आमचं यंत्र आपोआप शोकपत्र पाठवतं. वेतकाकांनी ते उघडलं, त्यांना काही उमजेना, घाबरून बायकोकडे बघितलं तर ती काजं करत बसलेली. दुसऱ्या दिवशी काकू ते पत्र घेऊन खिडकीवर आल्या आणि सगळ्या रांगेला खणखणीत आवाजात वाचून दाखवलं. "आपल्या कुटुंबातील सदस्याच्या निधनाने आपणांस झालेल्या दुःखात हे कार्यालय सहभागी आहे." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "लग्नाला सरकारकडून काहीतरी आलं बाबा. बाकी कुणी एवढंही पाठवलं नाही."

मी म्हटलं, काकू, नोंद बदलून घेऊ. "राहू दे," त्या म्हणाल्या. "रोलरवाल्यांची बायको होती, ती त्या दिवशी संपलीच की. तिचं दुःख झालं असेल कार्यालयाला, तर होऊ दे."

पुढची वर्षं मी माझ्या खिडकीतून बघितली. ती सोपी नव्हती. कचेरीत प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या, एकीवर एक रचलेल्या, हलक्या, कुरूप. वेताच्या खुर्च्या मोडीत निघाल्या. वेतकाका मग घरोघर विचारत फिरू लागले. माझी खुर्ची मी दिली नाही. दोनदा जप्त करायला माणूस आला, दोनदा मी तिच्यावरून उठलो नाही. तेवढंच माझ्या हातात होतं. तिकडे शिंप्याने काजांचं मशीन घेतलं. काकूंच्या डोळ्यांत पडदा येऊ लागला, काजं वाकडी व्हायला लागली, आणि वाकडं काज त्या देत नसत. करून, उसवून, परत करायच्या. औषधोपचाराचं कार्ड पेन्शनबरोबर गेलेलं, त्यामुळे डोळ्याचं ऑपरेशन लांबत गेलं. दोन खोल्यांची एक खोली झाली. मी कधी चहा पाजला तर पुढच्या आठवड्यात माझ्या एखाद्या शर्टाचं सुटलेलं बटण न सांगता लागलेलं असायचं. उपकार अंगावर ठेवायची सवयच नव्हती.

आणि तरी हयातीच्या महिन्यात काकू यायच्या! काम काही नाही, नाव काही नाही. रांगेतल्या बायकांशेजारी बसायच्या, त्यांचे चष्मे शोधून द्यायच्या, घाबरलेलीला हसवायच्या. एकीने हळूच विचारलं, दुसऱ्या लग्नात सुख आहे का हो? काकू म्हणाल्या, "रात्रभर घोरतात. पण इतकी वर्षं घरात शांतता होती ना, मला तिचा कंटाळा आला होता." मी जाळीआडून हे ऐकायचो आणि मला त्या बाईचा फार अभिमान वाटायचा. कशाचा अभिमान, माझी ती कोण लागते, असं कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. ओळखीची, म्हणालो असतो.

मग परिपत्रक आलं. मी ते उभ्यानेच वाचलं. मूलबाळ नसलेल्या विधवेने पुनर्विवाह केला, तरी तिचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या आत असेल तर पेन्शन बंद होणार नाही. पूर्वी बंद झालेल्यांनीही अर्ज करावा. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून थेट त्यांच्या खोलीवर गेलो. उत्पन्नाची मर्यादा ऐकून वेतकाका हसले. ते मोठ्याने हसलेले मी पहिल्यांदाच ऐकले. "गरिबी एकदाची कामाला आली," म्हणाले.

पण अर्ज यंत्रात जाईना. ही व्यक्ती मयत आहे, असं यंत्र म्हणायचं. मयत व्यक्तीचा हयातीचा दाखला घेता येत नाही. जुने साहेब केव्हाच निवृत्त झाले होते. त्यांच्या जागी नव्या मॅडम होत्या, तरुण, हुशार, मनाने चांगल्या. त्यांनी दोघांना आत बोलावलं, बसायला सांगितलं, फाईल मन लावून वाचली.

"काकू, यातून एक चांगला मार्ग निघतो," मॅडम म्हणाल्या. "चूक आमच्याच कचेरीची आहे. जिवंत माणसाला मृत दाखवलंय. आपण एवढीच चूक दुरुस्त करू. मग पेन्शन बंद झालीच नव्हती असं धरलं जाईल आणि मधल्या सगळ्या वर्षांची थकबाकी मिळेल. नव्या नियमाने गेलात तर मागचं काही नाही, फक्त इथून पुढचं."

"मग करायचं काय?" काकूंनी विचारलं.

"मधल्या वर्षांचे हयातीचे दाखले भरून द्यायचे. नेहमीचेच. त्यातल्या ओळीखाली सही करायची."

"कुठल्या ओळीखाली?"

मॅडम माझ्याकडे बघू लागल्या. ती ओळ कुठली, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. मॅडम हळूच म्हणाल्या, "फाईलमधला जुना शेरा कुणी वाचणार नाही. मी स्वतः बघते."

थकबाकी म्हणजे केवढी, ते मला माहीत होतं. डोळ्याचं ऑपरेशन लगेच झालं असतं, परत दोन खोल्या झाल्या असत्या, वेतकाकांना या वयात दारोदार हिंडावं लागलं नसतं. माझं मन म्हणत होतं, करा सही. अहो करा, कुणाचं काय जातंय?

तेवढ्यात वेतकाका उठले. "मी बाहेर बसतो," म्हणाले. "मी इथे नसलो की तिला बरं पडेल." आणि ते खरंच दाराकडे निघाले, पाय न वाजवता, जणू त्या खोलीत ते आलेच नव्हते.

"बसा खाली," काकू म्हणाल्या.

"अगं, पण..."

"बसा म्हणते ना! तुमच्यासाठी मी पेन्शन सोडली. आता थकबाकीसाठी तुम्हाला सोडू?" मग मॅडमकडे वळून अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "पोरी, तू माझ्या भल्याचं बघतेस, ते कळतं मला. पण ती ओळ सोडून सांगशील तिथे सही करते."

मॅडमनी फाईल मिटली. मग परत उघडली आणि म्हणाल्या, "ठीक आहे. लांबच्या रस्त्याने जाऊ."

लांबच्या रस्त्यात पहिली पायरी होती काकूंना जिवंत करण्याची. त्यासाठी त्यांना पूर्वीपासून ओळखणारा एक पेन्शनर साक्षीदार लागायचा. महिना हयातीचाच होता. काकू बाहेर आल्या, रांगेवर नजर फिरवली, आणि त्या धूसर डोळ्यांनीही त्यांना हवा तो माणूस सापडला. जुने साहेब! प्लास्टिकच्या खुर्चीवर, हातात नंबराचा चिठोरा घेऊन, आपण जिवंत आहोत हे सांगायला आले होते.

"साहेब, बघा बरं नीट," काकू त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या, "मी जिवंत आहे का?"

साहेबांनी ओळखलं. चष्मा काढून पुसायला लागले. "बाई, त्या वेळी यादीत तो पर्यायच नव्हता हो."

"यादीत नव्हता, साहेब. पण मी बाहेर खुर्चीवर होते."

साहेबांनी कागद मांडीवर घेतला, पण तो तिथे नीट टेकेना. काकूंनी आपली पिशवी त्या कागदाखाली टेकायला दिली, आणि साहेबांनी सही केली. ज्या हाताने मारलं त्याच हाताने जिवंत केलं. मग काकूंनी त्यांना विचारलं, "गुडघे कसे आहेत?" आणि दोघं बराच वेळ गुडघ्यांवर बोलत बसले. मला राग धरायचा होता, पण ज्यांनी धरायचा त्याच धरेनात, तर मी काय करणार?

अर्ज मी भरून घेतला. वेतकाका पहिल्यांदाच खिडकीच्या त्या बाजूला, रांगेच्या जागी उभे होते. इतकी वर्षं त्याच इमारतीत काढली, पण खिडकीपाशी उभं कसं राहतात ते त्यांना कळेना. हात कुठे ठेवावा ते कळेना. एक रकाना होता, विद्यमान पतीची नोकरी. दुसरा, पतीस मिळणारी पेन्शन. मी त्यांनीच विणलेल्या खुर्चीत बसून तिथे 'नाही' लिहिलं. फार जोर लागला लिहायला. या माणसाच्या कामावर आमची अख्खी कचेरी बसली, आणि त्याच्या म्हातारपणासाठी आमच्या एकाही कपाटात अर्ज नव्हता. काकूंनी जाळीतून माझं तोंड बघितलं असणार. "लिही पुढे," त्या म्हणाल्या. "त्यांचं मी बघते."

शेवटी मी ओळीवर आलो. नव्या अर्जात ती बदलली होती.

"काकू, हयात का?"

"आत्ताच झाले."

"लग्न केलं का?"

रांग आधीच हसायच्या तयारीत होती. जुन्या बायकांना हा प्रश्न पाठ होता, उत्तरही पाठ होतं.

"केलं," काकू म्हणाल्या. "हे काय, शेजारी उभे आहेत." आणि माझ्याकडे बघून हसत हसत सही केली.

पेन्शन लगेच आली असं समजू नका. वरच्या कचेरीत गेली, शंका घेऊन परत आली, पुन्हा गेली. मॅडम दोनदा स्वतः जाऊन आल्या. औषधोपचाराचं कार्ड मात्र आधी सुरू झालं आणि काकूंच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. वॉर्डाच्या दारात वेतकाका डबा घेऊन गेले, तेव्हा नर्सने विचारलं, कोण तुम्ही? त्यांनी सांगितलं, आणि आत गेले. हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलंय की नर्सचा आवाजही माझ्या ओळखीचा झालाय.

मग एके दिवशी पहिल्या पेन्शनची पावती माझ्या टेबलावर आली. निरोप धाडला, दोघं आले. काकूंनी पावती हातात घेतली. नव्या डोळ्याने वाचायची म्हणून दुसरा मिटला. वर पहिल्या यजमानांचं नाव होतं, खाली काकूंचं. वेतकाका दोन पावलं मागेच थांबले होते.

"तुम्ही नाही बघत?" मी विचारलं.

"ते रोलरवाल्यांचं आहे," ते म्हणाले. "त्यांनी उन्हातान्हात राबून ठेवलेलं. माझा त्यात हात नको."

काकूंनी ऐकलं की नाही कळलं नाही. त्या व्हरांड्यापलीकडच्या रस्त्याकडे बघत होत्या, दारात उभं राहून बघत असतील तशा. डोळ्यांतून पाणी येत होतं. ऑपरेशनचं असेल म्हणायला मी काही डॉक्टर नाही.

"हळू आले," त्या म्हणाल्या. "पण आले."

वेतकाकांनी पुढे होऊन बायकोच्या खांद्यावरची पिशवी आपल्याकडे घेतली.

"मग चल," ते म्हणाले. "त्यांना घरी घेऊन जाऊ."